दुकानात चोरीचा आळ आला तर: मागच्या खोलीपेक्षा पोलीस स्टेशन बरं

ऐरोलीच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्याची आई, वय ५८, वाशीच्या एका सुपरमार्केटमध्ये महिन्याचं सामान भरायला गेली होती. सुमारे चार हजारांचं बिल झालं, पैसे दिले. दारावर गार्डने पावती तपासली, तेव्हा खांद्यावरच्या कापडी पिशवीत हेअर डायचं एक पाकीट आणि साबणाचे दोन जोड बिलात नसलेले निघाले. किंमत ६४० रुपये. आईचं म्हणणं, ट्रॉली भरली होती म्हणून वरचं सामान पिशवीत ठेवलं आणि काउंटरवर काढायचं राहून गेलं. तिला मागच्या खोलीत नेलं, मोबाइल काढून घेतला, दोनेक तास बसवून ठेवलं. ‘मी चोरी केली, पुन्हा करणार नाही’ असं तिच्याकडून लिहून घेतलं, हातात वस्तू धरायला लावून फोटो काढला आणि मुलाला फोन करून ५,००० रुपये ‘दंड’ यूपीआयने मागवला. याला आठवडा झाला. आई घराबाहेर पडत नाही. मुलाचे प्रश्न तीन आहेत: आता पोलीस केस होईल का, दुकानाला हे सगळं करायचा अधिकार होता का, आणि माझ्या नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये हे निघेल का.

मी ठाणे आणि बेलापूरच्या कोर्टांत फौजदारी प्रकरणं चालवते. अशा तक्रारी माझ्याकडे नियमित येतात, आणि बहुतेक घरांतली माणसं घाबरतात ती चुकीच्या गोष्टीला. त्यांना पोलिसांची भीती वाटते, म्हणून ती दुकानाच्या मागच्या खोलीत काहीही लिहून देतात, कितीही पैसे देतात. माझा अनुभव उलटा आहे. छोट्या रकमेच्या प्रकरणात माणसाचं खरं नुकसान त्या खोलीत होतं, पोलीस स्टेशनात नाही.

कारणं सांगण्याआधी एक काम आजच करा. दुकानातलं सीसीटीव्ही चित्रण कायम राहत नाही, काही आठवड्यांत त्यावर नवीन चित्रण चढतं. तुमच्या आईने वस्तू पिशवीत कशा ठेवल्या, बिलिंगला ती कशी उभी होती, खोलीत किती वाजता नेलं आणि किती वाजता सोडलं, हे सगळं त्यात आहे. दुकानाच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आजच पत्र पाठवा: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवा. त्यांनी चित्रण तुम्हाला द्यावं ही अपेक्षा आत्ता नको. पण पत्र मिळूनही ते पुसलं गेलं, तर पुढे कोर्टात त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

आता मूळ मुद्दा. या प्रश्नात दोन प्रकरणं एकमेकांत अडकली आहेत. आईने चोरी केली का, हे एक. दुकान आईशी जसं वागलं ते कायद्यात बसतं का, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं. दुकानदार नेमकं हेच विसरतात, आणि घरची माणसं लाजेपोटी विसरतात.

चोरीपासून सुरुवात करू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम ३०३ मध्ये चोरी येते. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी झाली. ‘दाराबाहेर गेल्याशिवाय चोरी नाही’ असा एक समज आहे, तो खरा नाही. हेतू खोटा असेल तर वस्तू हलवली तिथेच गुन्हा पूर्ण होतो. पण सुपरमार्केटमध्ये वस्तू उचलायला दुकानानेच परवानगी दिलेली असते. त्यामुळे सगळा भार हेतूवर येतो, आणि हेतू सिद्ध करायची जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते. विसरून राहिलेली वस्तू ही चोरी नव्हे.

हेतू कोर्ट कशावरून ठरवतं? आजूबाजूच्या गोष्टींवरून. वस्तू उघडपणे ठेवली की इकडेतिकडे बघत कपड्यांच्या आत सारली, टॅग फाडला का, खोकं सोडून आतली वस्तू काढली का. चार हजारांचं बिल निमूट भरणारी, पर्समध्ये आणखी पैसे असलेली बाई ६४० रुपयांचं सामान लपवेल का, हाही प्रश्न कोर्टापुढे येतो. आईला विसरण्याचा त्रास असेल, थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांचे जुने कागद काढून ठेवा. घटनेनंतर नव्याने मिळवलेल्या सर्टिफिकेटला फारसं वजन मिळत नाही.

चोरी सिद्ध झाली असं क्षणभर धरू. कलम ३०३ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण तिथेच एक अपवाद आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. याहून महत्त्वाचं म्हणजे, ५,००० च्या आतली ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. ६४० रुपयांच्या मालासाठी ‘आत्ता पोलीस येतील आणि तुम्हाला आत टाकतील’ ही धमकी कायद्याने पोकळ होती. ती आईला खरी वाटली, कारण हे तिला कोणी कधी सांगितलेलं नव्हतं.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. माल ५,००० किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, उदाहरणार्थ परफ्यूम, हेडफोन, ब्रँडेड जॅकेट, तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो आणि सगळं चित्र बदलतं. आधी शिक्षा झालेली असेल तर किमान एक वर्ष ते पाच वर्षं सक्तमजुरी आहे. दुसरं, काही वेळा कलम ३०५ लावायचा प्रयत्न होतो. राहत्या घरात किंवा माल राखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत केलेली चोरी त्यात येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि तिथे ५,००० ची सूट नाही. दुकान ही माल राखायची इमारत आहे असा तर्क दिला जातो. मी त्याला नेहमी विरोध करते. ग्राहकांनी आत येऊन स्वतः माल उचलावा म्हणून उघडलेली जागा आणि कुलूपबंद गोदाम यांना एकच माप लावलं, तर छोट्या चोरीसाठी केलेली सवलत दुकानांच्या बाबतीत निरर्थक ठरेल. पण हा युक्तिवाद आहे, तो प्रत्येक कोर्टात चालेलच अशी हमी कोणी देऊ नये. तिसरं, किमतीचे टॅग बदलले असतील किंवा सेल्फ-बिलिंगला स्वस्त वस्तूचा बारकोड दाखवला असेल, तर प्रश्न फसवणुकीचा होतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

म्हणूनच किमतीवर लक्ष ठेवायचं. दुकानवाले तोंडी रक्कम फुगवतात, ‘मागच्या वेळचं पण तुम्हीच नेलं असेल’ म्हणून जुना तुटीचा हिशेब जोडतात. आज सापडलेल्या वस्तू कोणत्या आणि त्यांची बिलाची किंमत किती, एवढ्यावरच थांबा आणि ते लेखी मागा.

आता दुसरं प्रकरण, दुकानाचा अधिकार. मी यावर जास्त लिहिणार आहे, कारण याबद्दल कोणी बोलत नाही.

दुकानाला आपला माल वाचवायचा हक्क नक्कीच आहे. तुमच्या पिशवीत बिल न झालेली वस्तू दिसली तर ते तुम्हाला थांबवू शकतात, विचारू शकतात, माल परत घेऊ शकतात. मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क कायद्यातच आहे. पण चोरीच्या बाबतीत तो माल परत मिळाला की संपतो. साबण टेबलावर ठेवले गेले, त्या क्षणापासून आईला अडवून ठेवायचं हे कारण उरलं नव्हतं.

मग ‘आम्ही नागरिक म्हणून अटक केली’ असं ते म्हणू शकतात का? अटक, तपास यांची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणूस दुसऱ्याला अटक करू शकतो, पण दोन अटी आहेत: गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत व्हावा, आणि तो दखलपात्र तसंच अजामीनपात्र असावा. ६४० रुपयांची चोरी, झालीच असेल तरी, दखलपात्रही नाही आणि अजामीनपात्रही नाही. बिलाशी सामान जुळवताना वस्तू सापडणं म्हणजे डोळ्यांदेखत गुन्हा होणंही नव्हे. आणि अशी अटक कायदेशीर असते तेव्हासुद्धा तिचा हेतू एकच असतो: विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, माणसाला पोलिसांच्या हवाली करणं. चौकशी करणं, लिहून घेणं, पैसे ठरवणं याची परवानगी त्यात कुठेच नाही. तुमच्या आईला पोलिसांच्या हवाली कधी केलंच नाही. यावरून त्या दोन तासांचा खरा उपयोग कशासाठी झाला ते कळतं.

सिक्युरिटी गार्डच्या अंगावर गणवेश असतो, म्हणून तो पोलीस होत नाही. खासगी सुरक्षा एजन्सीला परवाना लागतो, पण त्या परवान्याने अंगझडतीचा किंवा कोठडीत ठेवायचा अधिकार मिळत नाही. बाईची झडती तर पोलिसांनाही बाईकडूनच आणि सभ्यता सांभाळून घ्यावी लागते. पुरुष गार्डने किंवा मॅनेजरने बाईच्या अंगाला हात लावला, तर तो वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. आईला त्या खोलीत नेमकं काय झालं हे शांतपणे, एकटीला, घरातल्या एखाद्या बाईने विचारा. ज्या गोष्टी मुलाला सांगायला संकोच वाटतो, त्या कित्येकदा आधी मला कळतात आणि मग घरच्यांना.

खोलीत बंद करून ठेवणं हे न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा कोंडून ठेवणं आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. पैसे उकळण्यासाठी किंवा कबुली घेण्यासाठी कोंडलं असेल तर शिक्षा वाढते. ५,००० रुपयांना ते ‘दंड’ म्हणाले, पण दंड करायचा अधिकार कोर्टाला किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो, दुकानाला नाही. भिंतीवर ‘चोरी आढळल्यास दहापट दंड’ असा फलक असला तरी तो अधिकार त्यामुळे येत नाही. आता हे न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरेल का? नुसतं ‘पोलिसांत तक्रार करीन’ म्हणणं प्रत्येक वेळी खंडणी ठरत नाही, कारण तक्रार करायचा हक्क दुकानालाही आहे. पण मोबाइल काढून घेतलेला, दार बंद, सुटकेची किंमत ठरवलेली, आणि माल तर आधीच परत गेलेला, अशा वेळी खंडणीचा मुद्दा जोर धरतो. तुमचा यूपीआयचा व्यवहार हा रक्कम, वेळ आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले या तिन्हींचा पुरावा आहे. पैसे दुकानाच्या खात्यात गेले की मॅनेजरच्या वैयक्तिक नंबरवर, हे आधी तपासा. वैयक्तिक नंबर असेल तर कंपनीला स्वतःच या प्रकरणातून हात काढायचा असेल आणि तुमचे पैसे लवकर परत येतील.

आता माफीनामा. तुमच्या आईच्या हातून गेलेली सगळ्यात जोखमीची गोष्ट हीच, ५,००० रुपये नव्हेत. पोलिसांसमोर दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पण दुकानाचा मॅनेजर पोलीस नाही. त्याच्यासमोर लिहून दिलेलं हे खासगी व्यक्तीसमोरची कबुली म्हणून कोर्टात मांडायचा प्रयत्न होऊ शकतो. पोलीस स्टेशनात जे संरक्षण आपोआप मिळतं, ते मागच्या खोलीत मिळत नाही. पोलीस स्टेशन बरं असं मी म्हणते ते यासाठी.

तो माफीनामा म्हणजे शेवट मात्र नाही. धमकी, दबाव किंवा आमिष दाखवून, ज्याच्या हातात तुमच्यावर कारवाई करायचं बळ आहे अशा माणसाने घेतलेली कबुली कलम २२ प्रमाणे ग्राह्य धरत नाहीत. त्यासाठी दबाव होता हे दाखवावं लागतं, आणि ते जितक्या लवकर सांगाल तितकं खरं वाटतं. सहा महिन्यांनी, केस उभी राहिल्यावर, ‘जबरदस्तीने लिहून घेतलं’ म्हणणारे सगळेच असतात. आज आठव्या दिवशी लेखी सांगणं वेगळं. म्हणून त्याच पत्रात आईच्या सहीने लिहा की हा मजकूर तिला सांगून लिहून घेतला, ती तो नाकारते, वस्तू विसरून राहिल्या होत्या, दोन तास अडवून ठेवलं आणि ५,००० रुपये घेतले. विशेषणं नकोत, घडलं तसं आणि त्याच क्रमाने. मूळ माफीनामा आणि फोटो परत द्या, प्रती नष्ट करा, फोटो कोणत्याही ग्रुपवर किंवा फलकावर लावू नका, आणि १५ दिवसांत पैसे परत करा, अशी मागणी करा. फोटो कुठे फिरताना दिसला तर लगेच स्क्रीनशॉट घ्या. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार करता येते.

पोलीस केस होईल का? पैसे आणि माफीनामा घेऊन सोडून दिलेल्या छोट्या प्रकरणांत दुकानं सहसा पुढे जात नाहीत, कारण मग त्या दोन तासांबद्दल त्यांनाच विचारलं जाईल. पण कायद्याने दार बंद झालेलं नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्ट तीन वर्षांच्या मुदतीत घेऊ शकतं. उद्या पोलिसांचा फोन आला तर घाबरून जाऊ नका आणि टाळूही नका. लेखी नोटीस मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे अटक न करता हजर राहायची नोटीस देता येते, आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही, आणि तेव्हाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

स्थळाचा एक मुद्दा, कारण इकडे लोक चुकतात. वाशी, ऐरोली, सीवूड्स हे ठाणे जिल्ह्यात येतं. पण हीच घटना खारघरच्या मॉलमध्ये घडली असती तर पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच, जिल्हा मात्र रायगड आणि कोर्ट पनवेलचं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आत्ता, या क्षणी अशा खोलीत बसलेलं असेल, तर त्यांच्यासाठी थोडक्यात: वस्तू परत द्या किंवा बिल करायची तयारी दाखवा, काही लिहू नका, कशावरही सही करू नका, पैसे देऊ नका, आणि ‘पोलिसांना बोलवा, नाहीतर मी ११२ वर फोन करते’ एवढंच शांतपणे म्हणा. धक्काबुक्की करू नका, पळूही नका. वस्तू खरोखर मुद्दाम उचलली असेल तरी सल्ला हाच. खोटं बोलू नका, पण बोललंच पाहिजे असंही नाही. गप्प राहायचा हक्क संविधानाच्या कलम २० मध्ये आहे. मुद्दाम झालेल्या पहिल्या चुकीलाही मार्ग आहेत: मालकाच्या संमतीने कलम ३०३ मध्ये तडजोड होते, आणि १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली पहिल्या वेळी कोर्ट समज देऊन सोडू शकतं. आरोपी १८ वर्षांखालचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. कॉलेजच्या पोरांचे फोटो दुकानवाले ग्रुपवर टाकतात, त्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

दुकानाविरुद्ध तक्रार करावी का, यावर माझं मत: आधी पत्र, मग १५ दिवस थांबा. लगेच पोलिसांत गेलात तर दुकान उलट एनसी करेल आणि आईला दोन्हीकडे जावं लागेल. ती त्या मनःस्थितीत आहे का, हे तुम्हीच ओळखा. पैसे परत आले, कागद परत आला आणि आईला एवढ्यावर थांबायचं असेल तर थांबा. उत्तर आलं नाही किंवा धमकीचं आलं, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तिथे दखल घेतली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. शिवाय ग्राहक म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात नुकसानभरपाई मागता येते. ज्या मालाचे पैसे दिले त्याची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तुमच्या नोकरीबद्दल: व्हेरिफिकेशन तुमच्या नावाचं होतं, आईच्या नव्हे. आणि दुकानाच्या फायलीतला माफीनामा पोलिसांच्या रेकॉर्डवर येत नाही. ज्याच्या स्वतःच्या नावावर एनसी किंवा केस असेल त्याने फॉर्ममध्ये विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की गुन्हा किती किरकोळ होता हे नोकरी देणाऱ्याने पाहावं, पण माहिती लपवली तर तीच अडचण होते. पासपोर्टचं म्हणाल तर कोर्टात फौजदारी केस चालू असेल तेव्हाच तो अडतो, आणि तेव्हाही कोर्टाची परवानगी घेऊन मिळू शकतो. आईच्या नावावर आज अशी कोणतीही केस नाही. हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवा, मग पत्राचा मसुदा तिच्याच शब्दांत, तिच्यासोबत बसून लिहा. सही करण्याआधी तिला तो पूर्ण वाचू द्या. त्या खोलीत तिला तेवढंही मिळालं नव्हतं.